शेजारच्या घराचे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले; पुढे लग्न, चूल आणि संसार. दरवर्षी या दिवशी कुणी बचतीवर बोलते, कुणी लेकरांच्या दुखण्याखुपण्यावर. यंदा कार्यवाहबाईंनी मला विचारले, “तुम्ही कशावर बोलणार?” मी म्हटले, “ज्यू लोकांवर.” त्यांना वाटले आपण चुकीचे ऐकले. मुदखेडात कुणी ज्यू नाही. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी तो शब्दही ऐकलेला नसेल. तरी मी हाच विषय धरला, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगेन. तेवढा वेळ धीर धरावा, ही विनंती.

२०२३ सालच्या दसऱ्याच्या आधी माझ्या नणंदबाईंचे ठाण्यात ऑपरेशन झाले. त्यांच्याकडे हाताखाली कुणी नव्हते, म्हणून मी दीड महिना तिथे राहिले. समोरच्या दारी एक वयस्क बाई एकट्या राहत. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, बोलणे कोकणाकडच्या वळणाचे. आडनावाच्या शेवटी आपल्यासारखेच ‘कर’. मी त्यांना मावशी म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नणंदेसाठी मऊ भात आणि वालाचे बिरडे पाठविले. नणंदबाईंनी मला एवढेच सांगून ठेवले होते, “शनिवारी मावशीकडे काही मागाया जाऊ नको, त्या दिवशी त्या चूल पेटवत नाहीत.”

त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी तिरपी ठोकलेली होती. जातायेता त्या तिला बोटे लावून ओठांना लावीत. एक दिवस मी न राहवून विचारले, “मावशी, तुम्ही ख्रिश्चन का?”

त्या हसल्या. “नाही गं. आम्ही बेने इस्राएल. ज्यू म्हणतात ना, ते. पण आम्ही इथलेच, बरं का. आमचा गाव अलिबागेकडे.”

भगिनींनो, मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्या बाईंचे घराणे शेकडो वर्षे महाराष्ट्रात मराठी बोलत आले, आणि मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. पुढे दुपारी काम आटोपले की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. त्यांनी सांगितले ते, आणि परत आल्यावर आमच्या शिकलेल्या पुतण्याकडून पुस्तकांतून वाचवून घेतले ते, असे दोन्ही मिळून आज सांगते.

या लोकांत अशी परंपरा आहे की फार प्राचीन काळी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात बाया जिवंत राहिल्या. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. उरले ते तोंडपाठ होते तेवढे, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, मुलाची सुंता, काय खावे व काय खाऊ नये याचे नियम, आणि शनिवारचा विसावा. कोकणातल्या गावांत ते पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर. त्यांच्या सणांची नावे ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, आणि उपासाच्या एका दिवसाला बिरड्याचा रोजा. नवस फेडायचा तर एलियाहू नबीच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे घालून मलीदा करतात. लग्नाआधी नवरीला मेंदी लावतात. बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही केली. आपले सण आणि यांचे सण शेजारी शेजारी वाढले. कुणी कुणाला पुसून टाकले नाही.

मुंबईत १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मांडवीला त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. पुण्यात डेव्हिड ससून या बगदादकडून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या घराण्याने बांधलेले सिनेगॉग आहे, त्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. ठाण्यातले १८७९ सालचे, टेंभी नाक्याच्या बाजूला. आणि खास आपल्या बायकांसाठी एक नाव सांगते, ते मनात ठेवा: डॉक्टर जेरुशा झिराड. या बेने इस्राएल बाईंनी विलायतेत जाऊन डॉक्टरकी शिकून घेतली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या. किती गरीब बायांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली झाली असतील! १९६६ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मुंबईतला ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे ते मुंबईचे महापौर याच समाजातले. जुन्या सिनेमातले हसरे डेव्हिडही याच समाजातले.

स्वातंत्र्याच्या वेळी हे लोक वीस हजारांवर होते. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. आता भारतात सगळे मिळून चारपाच हजार उरले असतील. ते इथून भिऊन पळाले नाहीत; धर्माची ओढ, रोजगार आणि नातलग यांपायी गेले. तिकडे गेल्यावरही त्यांना सगळे सुखाचे मिळाले नाही. तिथल्या धर्मगुरूंनी १९६० नंतरच्या काळात यांच्या लग्नांविषयी शंका काढली, की हे खरे ज्यू आहेत काय? यांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला मान्य करावे लागले की हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. आपल्याच माणसाने ‘तू आमची नव्हेस’ म्हणणे किती लागते, ते सासरी आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आणि एवढे होऊनही त्यांनी तिकडे मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, महाराष्ट्र दिन साजरा केला.

आता मूळ विषयाकडे येते. मी ठाण्यात असतानाच, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हमासच्या लोकांनी इस्राएलमध्ये शिरून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस धरून नेली. मावशींची लेक तिकडे दिलेली. तो दिवस शनिवार. मावशी त्या दिवशी फोनला हात लावीत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी नियम मोडला. संध्याकाळपर्यंत लेकीचा आवाज ऐकू येईना. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. रात्री लेक बोलली, तेव्हा आम्ही दोघी रडलो.

नंतर गाझात जे युद्ध झाले त्यात हजारो माणसे मेली, त्यात बाया आणि लेकरे किती! तेही मी टीव्हीवर पाहिले आणि मावशींनीही पाहिले. त्या म्हणाल्या, “मेलेलं लेकरू कुणाचंही असो, बघवत नाही गं.” एखाद्या देशाच्या सरकारने केले ते चूक की बरोबर, यावर माणसांनी अवश्य वाद घालावा; मावशींचा आणि त्यांच्या जावयाचाही घालून होत असे. पण त्या सरकारचा राग ठाण्यातल्या एका म्हातारीवर काढणे, हा न्याय नव्हे.

त्या दिवसांत एकदा मी मावशींसोबत सिनेगॉगच्या फाटकापर्यंत गेले. फाटकाशी बंदूकवाला पोलीस उभा. माझी पिशवी पाहिली, नाव विचारले. आपल्या देवळात मी कधी नाव सांगून गेले नाही, म्हणून मला चमत्कारिक वाटले. परतताना मी विचारले, “मावशी, इथं तुम्हाला भ्या वाटतं का?” त्या थोडा वेळ चालत राहिल्या आणि म्हणाल्या, “तूच सांग.”

मला तेव्हा काही सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हे भाषण झाले. एखादे घर सुरक्षित आहे की नाही हे आपण बायका कसे ओळखतो? मी चार खुणा धरल्या.

पहिली खूण अशी की तिथले माणूस आपले नाव मोठ्याने सांगू शकते काय? आपल्याकडे सांगू शकते. कोकणात कुणी शनवार तेल्याला घाणा बंद ठेवला म्हणून मारले नाही. पण आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर, गोव्यात, पोर्तुगीजांच्या राज्यात असे नव्हते. तिथे १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायालय, बसले. गार्सिया द ओर्ता नावाचा थोर वैद्य गोव्यात राहत होता. आपल्या देशातल्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ साली ग्रंथ छापला. त्याचे घराणे मूळ ज्यू, बाहेरून ख्रिस्ती झालेले. तो वारल्यावर त्याची बहीण कातारिना हिला, मनातून ज्यू राहिली म्हणून, १५६९ साली जिवंत जाळले. आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. तेव्हा ‘आमच्या मातीत असे होतच नाही’ असे म्हणणे बरे नव्हे. आपल्या मातीतही राज्यकर्ता तसा निघाला की तसे होते.

दुसरी खूण म्हणजे घाव कोणीकडून येतो? २६ नोव्हेंबर २००८ ला पाकिस्तानातून आलेल्या दहा जणांनी मुंबईवर हल्ला केला; १६६ माणसे गेली. आपण नंदीग्राम एक्सप्रेसने उतरतो त्या मोठ्या स्टेशनात गाडीची वाट पाहणारी पन्नासावर गरीब माणसे पडली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यूंचे लहानसे केंद्र होते. ते हल्लेखोरांनी मुद्दाम हेरून धरले. रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे मारले गेले. त्यांना सोडविण्यास गेलेले कमांडो गजेंद्रसिंह बिष्ट यांनी प्राण दिला. इतकी शतके जे झाले नव्हते ते मुंबईत झाले. तेव्हापासून सिनेगॉगच्या फाटकाशी पोलीस आहे.

तिसरी खूण मला सर्वांत मोठी वाटते. हाक मारली तर शेजारी येतो काय? नरिमन हाऊसमध्ये त्या जोडप्याचा मोशे नावाचा दोन वर्षांचा मुलगा होता. त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युअल खालच्या खोलीत लपून वाचली होती. सकाळी लेकराचा रडण्याचा आवाज आला; ती वर धावली, आईबापांच्या देहांजवळून मूल उचलले आणि बाहेर पळाली. तिच्याबरोबर निसटलेला तिथला कामगार झाकीर हुसेन. ती त्या मुलाची आई नव्हे, आत्या नव्हे, पगारी बाई. पुढे ती मुलासाठी इस्राएलला जाऊन राहिली आणि त्या देशाने तिला मानाचे नागरिकत्व दिले. आणि दुसरी गोष्ट, मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा दिली नाही. हे म्हणजे शेजारी आला. अमेरिकेत पिट्सबर्ग गावी २०१८ साली एका माणसाने प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगमध्ये शिरून अकरा जणांना मारले. मारणारा त्याच मुलखातला होता. आपल्याकडे तसे झालेले नाही, याचे समाधान मानावे. गर्व मानू नये.

चौथी खूण म्हणजे सरकारदरबारी त्यांची नोंद आहे काय? महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. त्याआधी शाळेच्या अर्जात, जन्माच्या दाखल्यात ‘इतर’ लिहावे लागे. मावशी म्हणाल्या, “इतक्या पिढ्या झाल्या आणि आम्ही ‘इतर’!”

तर हिशेब असा निघतो. मावशींना शेजाऱ्यापासून भय नाही. भय आहे ते बाहेरून येणाऱ्या बंदुकीचे. दुसरे एक भय आहे ते ओस पडण्याचे. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत आता दहा जण जमत नाहीत. आणि तिसरे भय आपल्या अडाणीपणाचे.

या अडाणीपणाचे माझेच उदाहरण सांगते. माझ्या सासूबाई कडक होत्या. आम्ही जावा पाठीमागे त्यांना ‘हिटलर’ म्हणत असू आणि हसत असू. २००६ साली नवी मुंबईत एका उपहारगृहाला हिटलरचे नाव दिले होते. ज्यू समाजाने सांगितल्यावर मालकाने ते बदलले. हिटलरचे आत्मचरित्र रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मराठीत मिळते. माझ्या धाकट्याने एकदा ते आणले आणि म्हणाला, “आई, असा शिस्तीचा माणूस पाहिजे.” ठाण्याहून आल्यावर मी त्याला जवळ बसवून सांगितले, की या शिस्तीच्या माणसाने साठ लाख ज्यू मारले. त्यात तान्ही लेकरे होती. मावशींसारख्या म्हाताऱ्या होत्या. तो गप्प झाला. त्याला ते कुणी सांगितलेच नव्हते, आणि आईलाही ठाऊक नव्हते.

आणि ते मारणे एकदम सुरू झाले नाही. आधी टवाळी झाली. मग ‘सगळा पैसा यांच्याकडेच’ अशी कुजबुज. मग १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांपुढे माणसे उभी केली, की इथून माल घेऊ नका. १९३५ साली कायदा करून त्यांचे नागरिकत्व काढले. १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जळाले. गाड्या भरून छावण्यांत नेऊन मारणे त्यानंतरचे. भगिनींनो, दुकानावरच्या बहिष्काराच्या दिवशी पुष्कळ शेजारणींना वाटले असेल, आपल्याला काय त्याचे? एक दिवस दुसऱ्या दुकानातून घेऊ.

आता सुरुवातीला म्हटलेले कारण सांगते. गेल्या संक्रांतीच्या आधी आपल्या मंडळाच्या मोबाईलवर एक निरोप फिरला, की यंदा बांगड्या मणेरणीकडून घ्यायच्या नाहीत, ‘त्यांच्या’ लोकांना आपला पैसा द्यायचा नाही. कुणी पाठविला ते मी विचारीत नाही. मी तो वाचला आणि गप्प बसले. हळदीकुंकवाला ती मणेरीण आली नाही. तिला कुणीतरी तो निरोप दाखविला होता. तीस वर्षे तिने माझ्या हातात बांगड्या भरल्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर हात सुजलेले असताना एकही बांगडी न फोडता तिने चढविल्या. आणि तिच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

माझी आजी सांगत असे. रझाकारीच्या दिवसांत आमच्या माहेरच्या गावातली माणसे जीव मुठीत धरून वऱ्हाडाच्या हद्दीकडे गेली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, आपण मुक्त झालो. पण त्यानंतरच्या दिवसांत आपल्या या भागात निरपराध मुसलमानही मारले गेले. गावातल्या मणेराची बायको दोन लेकरे घेऊन आजीच्या दारी आली. आजीने तिला कडब्याच्या गंजीमागे तीन दिवस ठेवले आणि भाकरी पदराखाली नेऊन दिल्या. आजी म्हणे, “भ्या काय असतं ते म्या रझाकारात पाह्यलं व्हतं. मंग दुसरीला कसं भ्या दावू?” माझी आजी एक बुकही शिकलेली नव्हती. मी सात शिकले आणि गप्प बसले.

मावशींना मी गेल्या महिन्यात फोन केला. म्हटले, “मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तुमच्या दारावर पोलीस आहे म्हणून तुम्ही सुरक्षित नव्हेत. समोरच्या दारातली माझी नणंद जागी असली तर तुम्ही सुरक्षित.” त्या म्हणाल्या, “मग तुझ्या गावात जागी कोण आहे?”

म्हणून आज मी उभी राहिले. हजारो मैलांवरच्या भांडणात आपण मुदखेडच्या बायका काय करणार, असे कुणी म्हणेल. फार नाही, पण तीन गोष्टी करता येतील. एक, कुणा समाजाविषयी वाईट निरोप आला तर तो पुढे धाडू नये, आणि धाडणारीला गोडीने विचारावे, “बाई, हे तू डोळ्यांनी पाहिलंस का?” दोन, आपल्या लेकरांना हिटलर कोण होता ते घरी सांगावे, शाळेवर सोडू नये. तीन, यंदाच्या संक्रांतीला मंडळाने त्या मणेरणीला मानाने बोलवावे. ती यायला तयार होईल की नाही, मला ठाऊक नाही. न आली तर तिचा राग खरा आहे, असे समजावे. बोलवायला मी स्वतः तिच्या दारी जाईन. माझ्यासोबत कोण येते ते मला चहाच्या वेळी सांगा. कुणी न आल्या तरी मी जाणार.

माझे बोलणे कुणाला लागले असेल तर क्षमा असावी. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!